चारी बाजूंना समुद्र, मग विहिरीचं पाणी गोडं कसं?

आजचा प्रश्न भुईगावच्या एका ताईने व्हॉइस नोटवर पाठवलाय. ती म्हणते, "आमची विहीर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. आजी सांगते, पूर्वी याच पाण्यात डाळ शिजायची. आता मे महिन्यात चहासुद्धा मचूळ लागतो. समुद्र आत सरकला का?"

उत्तरासाठी आधी अर्नाळा किल्ल्यावर जाऊया. किल्ला बेटावर, चहूकडे खारं पाणी, आणि तरी आत गोड्या पाण्याच्या विहिरी! कसं काय?

एक लिटर गोडं पाणी भरतं साधारण १००० ग्रॅम, समुद्राचं भरतं १०२५. म्हणजे गोडं पाणी हलकं. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. पण बर्फाचा तुकडा कसा थोडासाच वर दिसतो आणि बाकीचा बुडालेला असतो? इथेही तसंच. गोडं पाणी समुद्रसपाटीच्या १ फूट वर असेल, तर खाली जवळपास ४० फूट असतं. १००० भागिले २५, झाले ४०. इतकं सोपं गणित! जर्मनीच्या नॉर्डर्नाय बेटावरच्या विहिरींचा अभ्यास करून हर्झबर्ग यांनी १९०१ मध्ये हे मांडलं. त्याआधी घायबेन या डच अभियंत्यानेही तेच सांगितलं होतं. म्हणून नियमाला दोघांचं नाव आहे.

आता हेच गणित उलटं करा. उपसा करून पातळी १ फूट खाली आणलीत, तर खालचं खारं पाणी हळूहळू ४० फूट वर चढू शकतं. लगेच नाही, पण चढतं. त्यात दणकट पंप लावला, तर विहिरीच्या बरोब्बर खाली खाऱ्या पाण्याचा उंचवटाच तयार होतो. बैल रहाट ओढायचे तेव्हा पाणी सावकाश निघायचं, विहिरीला पुन्हा भरायला उसंत मिळायची. टँकरला कुठली उसंत? फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईवाले टँकरच्या उपशाविरुद्ध उभे राहिले, त्यामागे हे विज्ञान होतं.

आणि भरणा? तो करायची आपली बावखलं. वाडीतल्या या तळ्यांवर केळी, पानवेली जगायच्याच, शिवाय साठलेला पाऊस जमिनीत मुरायचा. आज कितीतरी बावखलं भराव टाकून बुजवलीत. वर काँक्रीट, म्हणजे पाऊस थेट गटारात.

तर ताई, समुद्र तुमच्या दारापर्यंत चालत आलेला नाही. खारं पाणी खालून वर आलंय, कारण वरचं वजन आपणच काढून घेतलं. आणि एकदा खारवलेली विहीर एका पावसाळ्यात सुधारेलच असं नाही. म्हणून बिघडण्याआधीच जपायची.

घरी करून बघा: ग्लासभर पाण्यात चार चमचे मीठ विरघळवा. मग चमच्याच्या पाठीवरून रंगीत साधं पाणी अलगद सोडा. थर वरच राहील. आता स्ट्रॉ बुडवून वरचं पाणी जोरात ओढा. चव कधी बदलते, ते कळवा.

आणि हो, तुमच्या आळीत बावखल उरलंय का? आजीला विचारा, फोटो पाठवा. भेटू पुढच्या भागात!