धावपट्टीपुढचा रस्ता



मांजरसुंब्याच्या चौकात घटकाभर उभे राहा. कापसाने भरलेले ट्रक एकामागून एक जाताना दिसतील. याच रस्त्याने उत्तरेकडे गेले, की बीड लागते, आणि पुढे छत्रपती संभाजीनगर. 26 एप्रिल 1993 रोजी या बीड रस्त्यावर, तेव्हाच्या औरंगाबादेत, चिकलठाणा विमानतळाशी जे घडले, त्याविषयी आज बोलायचे आहे.

त्या दुपारी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 विमान मुंबईकडे निघाले. आत 118 माणसे. धावपट्टी जवळजवळ संपत आली तेव्हा कुठे विमान उचलले. धावपट्टीपासून अवघ्या 410 फुटांवर रस्ता, आणि त्यावरून कापसाच्या गाठींचा ट्रक चाललेला. विमानाचे डावे चाक आणि डावे इंजिन त्याला धडकले. तसेच ते सुमारे तीन किलोमीटर गेले, विजेच्या उच्चदाब तारांत अडकले आणि कोसळले. 55 जण गेले, 63 वाचले.

आता चौकशी कशी चालते पाहा. ट्रकवरचा घाव जमिनीपासून सुमारे सात फुटांवर होता. म्हणजे रस्त्यापर्यंत येऊनही विमान माणसाच्या डोक्याइतकेच वर आले होते! असे का व्हावे? ठरावीक वेग आला, की वैमानिकाने नाक उचलायचे असते. त्या वेगात विमान सेकंदाला दोनशेहून अधिक फूट तोडते. म्हणजे 410 फूट हा दोन सेकंदांचाच मामला. क्षणभराचा उशीरही तेथे महाग पडतो.

नाक उशिरा उचलले आणि उचलण्याची रीतही चुकली, असा ठपका चौकशीने वैमानिकांवर ठेवला. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. विमानांच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक रोखली गेली नाही, हा दोष नॅशनल एअरपोर्ट्स ऑथॉरिटीच्या पदरी घातला. कारणे दोन निघाली: एक विमानात, दुसरे रस्त्यावर.

वर्गात हे सांगितले, की मुले हटकून विचारतात, "सर, मग खरी चूक कुणाची?" प्रश्न साहजिक आहे. ज्यांच्या घरचे माणूस गेले, त्यांना तो विचारण्याचा हक्कही आहे. परंतु आंतरराष्ट्रीय दंडक असा, की अपघाताची चौकशी दोष वाटण्यासाठी नसते, पुढचा अपघात टळावा म्हणून असते. आपल्याकडे 2012 साली याच कामासाठी विमान अपघात अन्वेषण विभाग स्थापन झाला.

वैमानिक चुकला, एवढेच म्हणून फाइल मिटली असती, तर रस्ता तसाच उघडा राहिला असता. माणूस केव्हातरी चुकणारच. त्या चुकीच्या वाटेत ट्रक येऊ न देणे, हे मात्र आपल्या हाती असते.

विमानात कधी न बसलेल्या माणसाचाही विमानाशी संबंध येतो तो असा.