पत्र क्रमांक 7



1980च्या सुमाराची गोष्ट. माझे अब्बा तेव्हा कुवेतला नोकरीला होते आणि आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावात. आईला वाचता येत नसे. पत्र वाचून दाखवायचं काम दहा वर्षांच्या माझ्याकडे. अब्बांच्या प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात क्रमांक असे आणि शेवटी एक ओळ ठरलेली : 'पोच ताबडतोब कळवणे.'

पत्र क्रमांक 7मध्ये त्यांनी लिहिलं होतं, 'परसातले दोन फणस विकून वाण्याचं देणं फेडा.' आम्ही फणस विकले, देणं फेडलं, पोचही टाकली. ती पोच वाटेत कुठंतरी गहाळ झाली. दीड महिन्यानं अब्बांचं पत्र आलं. त्यात पुन्हा तेच, 'दोन फणस विका.' चाचा उरलेले दोन फणस दाखवायला लाकूडवाल्याला बोलवायला निघालेसुद्धा. आई म्हणाली, "आधी नंबर बघ रे." नंबर होता 7. झाडं वाचली.

पुढं कितीतरी वर्षांनी बिनतारी जाळ्यांविषयी वाचताना हे पत्र आठवलं. नॉर्मन अब्राम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई विद्यापीठात जून 1971मध्ये 'अलोहानेट' सुरू केलं. बेटांच्या मध्ये समुद्र, टेलिफोनच्या तारा महाग. म्हणून मजकुराची लहान लहान पाकिटं करून ती रेडिओ लहरींवरून मुख्य संगणकाकडे पाठवायची. लहरींचा रस्ता सगळ्यांना मिळून एकच. दोघं एकाच वेळी बोलले की दोन्ही पाकिटं खराब. यावर उपाय अब्बांचाच! पाकीट धड पोचलं तर मुख्य संगणक पोच देई. पोच आली नाही तर तेच पाकीट पुन्हा पाठवायचं. मात्र दोघंही सारखाच वेळ थांबले तर पुन्हा टक्कर होणार. म्हणून ज्यानं त्यानं मनाला येईल तेवढं थांबायचं.

या पद्धतीत रस्त्याचा फार तर 18 टक्के उपयोग होतो, असं गणित निघालं. 1972मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी सुचवलं, वेळेचे सारखे तुकडे पाडा आणि तुकड्याच्या सुरुवातीलाच बोला. तेवढ्यानं उपयोग दुप्पट, म्हणजे 37 टक्क्यांपर्यंत जाऊ शकला.

आज घरातलं वायफाय बोलण्याआधी कानोसा घेतं. शांतता असेल तर क्षणभर, अंदाजानं, थांबतं आणि मग बोलतं. पाकिटावर क्रमांक असतो, समोरून पोच येते. पोच हरवली आणि पाकीट दुसऱ्यांदा आलं, तर क्रमांक पाहून ते बाजूला टाकलं जातं. लहर क्षीण असेल तर यंत्र आपला वेग कमी करतं, खाडीपलीकडच्या माणसाशी आपण सावकाश, शब्द तोडून बोलतो तसं. भिंतीआड वायफाय मंद होतं, त्यामागं अशी धडपड चाललेली असते.

अब्बा आता नाहीत. ते दोन फणस परसात उभे आहेत, दर मे महिन्यात लगडतात.

रेडिओवरच्या भाषणाला मात्र पोच नसते. मी बोललो, कुणापर्यंत पोचलं ते अल्ला जाणे. तुमच्यापर्यंत पोचलं असेल, तर आकाशवाणीच्या पत्त्यावर एक कार्ड टाका.