मूत्रपिंडाचा ल्युपस आणि तरुण स्त्रीचे हृदय

(चौसाळा येथे पालक व शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर मी एका अपरिचित रोगाचे नाव घेऊन उभी आहे, याचे आपल्याला नवल वाटेल. पण हा रोग ज्या वयात बहुधा सुरू होतो ते वय शाळेच्या वरच्या वर्गांपासून पुढचे आहे, आणि दर दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात. रोगाचे नाव ल्युपस. आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी जी यंत्रणा आहे, ती ह्या रोगात आपल्याच अवयवांवर उलटते. राखणदाराने घरच्याच माणसांवर काठी उगारावी, तसे. सांधे दुखतात, बारीक ताप राहतो, केस गळतात, तोंड येते, उन्हातून आल्यावर गालांवर आणि नाकावर लाल चट्टा उठतो.

ह्यातले एकेक लक्षण घेतले तर ते घरोघरी सापडेल. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे सांधेदुखीची घरोघर पाहणी सुरू झाली, तेव्हा हाडासांध्यांचे दुखणे खेड्यात किती पसरलेले आहे हे दिसून आले. ल्युपस मात्र विरळा. दिल्लीजवळच्या एका पाहणीत, जी १९९३ साली प्रसिद्ध झाली, लाखामागे तीनच्या आसपास रुग्ण आढळले. म्हणजे एवढ्या सांधेदुखीच्या गर्दीत ही एक मुलगी हरवून जाते. तिला दुखण्याची गोळी मिळते, सलाईन मिळते, रोगाचे नाव मिळत नाही.

निम्म्याच्या आसपास रुग्णांत हा रोग मूत्रपिंडात उतरतो. मूत्रपिंड दुखत नाही, हीच त्याची अडचण. लघवीला फेस येतो, सकाळी पापण्या सुजतात, नडगीवर बोट दाबले की खळगा राहतो, रक्तदाब चढतो. लघवीत पट्टी बुडवून प्रथिने जातात की नाही हे पाहणे ही स्वस्तातली स्वस्त तपासणी आहे. वीस वर्षांच्या मुलीचा रक्तदाब वाढलेला असेल तर ‘टेन्शन घेते’ म्हणून सोडून देऊ नका, लघवी तपासा.

इथवरचे काही जणांनी ऐकले असेल. मला सांगायचे आहे ते ह्याच्या पुढचे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एकतीस वर्षांची बाई येत असे, दोन मुलांची आई. तिला मूत्रपिंडाचा ल्युपस होऊन आठ वर्षे झाली होती. औषधांनी चट्टे गेले, सूज गेली, लघवीतली प्रथिने जवळजवळ थांबली. घरचे म्हणाले, बरी झाली. एका पहाटे तिच्या छातीत जळजळ सुरू झाली, जबडा आणि डावा हात जड झाला, घाम फुटला. घरात पित्ताची गोळी होती, ती दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ई.सी.जी. काढला तेव्हा झटका येऊन गेला होता. ती वाचली, पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला. मी तिचा रक्तदाब दर भेटीत लिहीत होते. रक्तातील चरबी मात्र तीन वर्षांत एकदाही पाहिली नव्हती. तिचे वय पाहून मलाही ते सुचले नाही.

सुचायला हवे होते, कारण ही गोष्ट जुनी आहे. कॅनडातील टोरांटोच्या डॉ. मरे युरोविट्झ यांनी १९७६ साली आपल्या ८१ ल्युपस रुग्णांचा हिशेब मांडला. त्यांपैकी अकरा जण दगावले होते. सहा जण पहिल्या वर्षातच गेले, ते भडकलेल्या रोगाने आणि जंतुसंसर्गाने. उरलेले पाच सरासरी साडेआठ वर्षांनी गेले. त्यांचा ल्युपस तेव्हा शांत होता आणि मृत्यूच्या मुळाशी हृदयविकार होता. पुढे १९९७ साली अमेरिकेतील पिट्सबर्गच्या डॉ. सुझन मांझी यांनी दाखविले की ३५ ते ४४ वर्षांच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा पन्नास पटींहून अधिक होते. आकडा ऐकून घाबरू नका. त्या वयात निरोगी बाईला झटका सहसा येतच नाही, म्हणून पट एवढी मोठी दिसते. परंतु ‘तरुण बाई आहे, हृदयाचे नसेल’ हा आपला नेहमीचा दिलासा हिच्या बाबतीत चालत नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

हृदयावर हे संकट येते कसे? एका वाटेने नाही. ल्युपसचा दाह रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला वर्षानुवर्षे खरवडत असतो आणि तिथे चरबीचे थर बसतात. मूत्रपिंड आजारी असले की अंगात मीठ आणि पाणी साठते, रक्तदाब वाढतो. लघवीतून प्रथिने गेली की ती भरून काढण्याच्या घाईत यकृत चरबीही जास्त बनवू लागते. मूत्रपिंड वाचविणारे स्टेरॉइड जास्त मात्रेत फार दिवस घेतले तर साखर, वजन आणि रक्तदाब तिन्ही वाढवते. काही जणींचे रक्त लवकर गोठते. वारंवार गर्भपात होणे ही त्याची एक खूण असते. म्हणून नुसता ल्युपस असलेल्या बाईपेक्षा मूत्रपिंडापर्यंत ल्युपस पोचलेल्या बाईच्या हृदयाला धोका अधिक.

ह्यावर आपल्या घरांतून आपण काय भर घालतो तेही पाहू. पहिली मिशरी. सिगारेट न ओढणाऱ्या आपल्या बाया मिशरीला तंबाखू समजत नाहीत. ती तंबाखूच आहे. दुसरी दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी. रोज घेतली तर ती मूत्रपिंड बिघडवते, रक्तदाब वाढवते आणि हृदयावरही ताण आणते. तिसरी गोष्ट बीड जिल्ह्यात तरी बोललीच पाहिजे. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा तेरा हजारांवर स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्याबरोबर बीजकोशही गेले तर स्त्रीच्या हृदयाला निसर्गाने दिलेले संरक्षण वेळेआधीच संपते. ल्युपसच्या रुग्णाला पोटदुखी किंवा जास्त स्राव झाला म्हणून कोणी पिशवी काढण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

औषधांविषयी थोडे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही ल्युपसची पाठराखण करणारी गोळी आहे. मार्च २०२० मध्ये करोनासाठी ती घ्यावी असा बोलबाला झाला आणि ज्यांना तिची खरी गरज होती ते रुग्ण दुकानोदुकान फिरले. ती रोग शांत ठेवते आणि गरोदरपणातही चालू ठेवतात. डोळ्यांची ठरलेली तपासणी मात्र करावी लागते. स्टेरॉइडची मात्रा जितकी खाली आणता येईल तितकी बरी, पण ती डॉक्टरने हळूहळू उतरवायची असते. एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. प्रथिने आणि रक्तदाब आवरणाऱ्या काही गोळ्या, तसेच मायकोफेनोलेट, गर्भाला बाधतात. मूल हवे असेल तर आधी विचारून औषध बदलावे लागते.

हे सारे विचारायचे कोणी? लग्न ठरताना रोग लपविला तर मुलगी सासरी गोळी लपवून घेते, मग एक दिवस घेत नाही. अम्मी-अब्बांना माझी विनंती आहे की पैगाम आला की सांगून टाका. ज्या घराला हे ऐकवत नाही ते घर पुढे तिला दवाखान्यात नेणार आहे का, हे तेव्हाच कळलेले बरे.

रुग्णाच्या वहीत चार गोष्टी असाव्यात. दर भेटीतला रक्तदाब, जो साधारण १३०/८० च्या खाली राहायला हवा, लघवीतली प्रथिने, वर्षातून निदान एकदा रक्तातील चरबी, आणि साखर. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे कमी करावेत. चालणे ठेवावे, पण ऊन टाळून, सकाळी लवकर किंवा असर-मगरिबच्या मधल्या वेळी. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दम लागणे, घाम सुटणे ह्यांपैकी काही झाले तर पित्ताची गोळी शोधत बसू नका. १०८ ला फोन करा, बीडला न्या आणि दारातच सांगा की हिला ल्युपस आहे, ई.सी.जी. आत्ताच काढा.

रमजानचा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो. आजाऱ्याला रोजा सोडण्याची सवलत आहे, हे आपण सारे जाणतो; कझा आणि फिदयाचे तपशील मौलानासाहेबांना विचारावेत. मी डॉक्टर म्हणून एवढेच सांगेन की मूत्रपिंड आजारी असलेल्या बाईने दिवसभर पाण्याशिवाय राहण्याचा निर्णय एकटीने घेऊ नये. शाबान लागताच वही घेऊन या. त्या बाईंचे, ज्यांची गोष्ट मी सांगितली, आता तसेच ठरलेले आहे. त्या शाबानच्या पहिल्या आठवड्यात येतात, बरोबर नवरा असतो आणि वही त्याच्या हातात असते.