एक झगा, चार प्रसंग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावर उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या लांब झग्याविषयी चार शब्द सांगाच." म्हणून उभी राहिले.

आधी एक कबुली देते. मध्यंतरी दोन वर्षे मी हळदीकुंकवाला आले नाही. घरी पाहुणे आहेत, डोके दुखते, असे निरोप पाठवीत असे. खरे कारण निराळेच. एका लग्नात कोणी सहज विचारले, "गेल्या खेपेलाही हीच साडी होती ना?" ते मनाला लागले. नव्या साडीसाठी ह्यांच्यापाशी पैसे मागवेनात.

ट्रंकेत माझ्या आईचे निळे, नऊवारी इरकली लुगडे होते. आई गेल्यापासून ते तसेच. एकदा ऊन द्यायला काढले, तो घड्यांवर विरलेले! थोरली लेक म्हणाली, "आई, हे ट्रंकेतच फाटून जाईल. त्याचा झगा शिवू." कात्री लावताना हात थरथरला. खोटे कशाला सांगू, रडलेही.

इरकल म्हणजे बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावचे विणकाम. आईच्या लुगड्याचे अंग सुती आणि पदर लाल रेशमी. विरलेला भाग टाळून साडेचार वारांत घोट्यापर्यंतचा झगा बेतला. काठ खाली घेरावर आणला. पदराला दीड वार अंगाचे कापड राखून त्याची ओढणी केली. खाली चार बोटे दुमड आत ठेवली, म्हणजे आटला तर उसवून सोडता येतो.

आता प्रसंग सांगते. हळदीकुंकवाला तोच लाल पदर डाव्या खांद्यावरून सोडावा, केसांत गजरा माळावा. लग्नाला ओढणी नको. वरून गुळेदगुड्डच्या खणाची बिनबाह्यांची बंडी आणि गळ्यात ठुशी, बस्स. शाळेत पालकांच्या सभेला जाताना झग्याच्याच कापडाचा पट्टा कमरेला बांधावा, दागिना नको. कुणाकडे समाचाराला जायचे असेल तर साधी पांढरी सुती ओढणी दोन्ही खांद्यांवरून घ्यावी. झगा एकच, पण प्रत्येक ठिकाणी शोभतो. पावसाळ्यात मात्र घेर पट्ट्यात खोचून वर घ्यावा, नाहीतर चिखल काठाला लागतो. रेशमी पदर नेहमी निराळा, थंड पाण्यात धुवावा आणि सावलीत वाळवावा.

उरलेल्या तुकड्यांची गोधडी शिवली. ती धाकटी पांघरते.

यंदा मी हळदीकुंकवाला आले, तीही ह्याच झग्यात. पुन्हा तोच प्रश्न आला, "हाच मागेही होता ना?" मी म्हटले, "होय, आईच्या लुगड्याचा आहे." त्या बाई काठावरून हात फिरवीत म्हणाल्या, "माझ्याही आईचे एक तसेच पडून आहे हो."

भगिनींनो, कपड्यावाचून घरी बसू नका. जे आहे ते स्वच्छ धुऊन, नीट बेतून घाला आणि या.

माझ्या झग्याला पदर नाही, पण चुकलेमाकले असेल ते तुम्ही आपल्या पदरात घ्या.