आधी घरचे आवाज
(सोसायटीच्या कोजागरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



जुन्या रेकॉर्ड आणि कॅसेट घरच्या घरी सीडीवर कशा उतरवायच्या, यावर कमिटीने मला बोलायला सांगितलंय. निवृत्तीनंतर हाच माझा उद्योग आहे, म्हणून तुमचा थोडा वेळ घेतो.

आपल्या नाशिकचंच उदाहरण बघा. पंडित द. वि. पलुस्कर १९२१ साली इथेच जन्मले आणि १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. तरीही आज आपण त्यांना ऐकतो. त्यांच्या ७८ च्या तबकड्यांवर एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. पण एकेका तबकडीच्या पुष्कळ प्रती निघत. एक फुटली, तरी दुसरी कुणाकडे तरी असायची. तुमच्या आजीच्या आवाजाची कॅसेट मात्र जगात एकच असते. म्हणून बाजारात मिळणारी गाणी राहू द्या, आधी घरचे आवाज उतरवून घ्या.

आपल्या एका काकूंनी 'भावगीते' असं लिहिलेली कॅसेट मला दिली होती. दुसऱ्या बाजूला गाणी संपली आणि त्यांच्या सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या लागल्या. त्या कधी टेप केल्या, हे घरात कुणालाच आठवत नव्हतं. तेव्हा वरचं नाव वाचून कॅसेट भंगारात देऊ नका. दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐका.

आता पद्धत. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे आधी मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही टेप होणार नाही. टेप एकदा पुढे-मागे फिरवून घ्या, डेकचं हेड साफ करा. डेकच्या लाइन-आउटमधून वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडा. 'ऑडॅसिटी' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आवाजाची पट्टी लाल रंगाला लागू देऊ नका. एकदा फाटलेला आवाज पुन्हा नीट होत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, इथे घाई चालत नाही. ती एका सीडीवर बसते, नव्वद मिनिटांचीला दोन लागतात.

रेकॉर्डसाठी प्लेअर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये फोनो प्रीअँप लागतो. ७८ ची खाच रुंद असते, तिला सुई वेगळी. आणि ७८ ची तबकडी स्पिरिटने पुसू नका, तिच्यातली लाख विरघळते.

सीडीवरही फार विसंबू नका, तीही खराब होते. एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवा, एक मुलांकडे पाठवा. आणि आवाज कुणाचा, साल कोणतं, हे आजच लिहून ठेवा. ओळखणारी माणसं आहेत, तोवरच ते जमेल.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी डेक घेऊन सोसायटीच्या हॉलमध्ये बसेन. कॅसेट आणा, आणि तो आवाज ओळखणारं घरातलं माणूसही सोबत आणा.