मैदानावर भेटलं माहेर

मी खानापूर तालुक्यातली. आपल्या खानापूर-आटपाडीतली, माण-खटावातली किती माणसं गलाईला गेलीत, हे तुम्हाला सांगायला नको. रान आहे पण पाऊस नाही, म्हणून सोनं-चांदी गाळायला माणसं केरळ, तामिळनाडूपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत पोचली. गड्यांचं काम गावाला माहीत असतं. त्यांच्यामागं गेलेल्या बायका तिथं कशा राहतात, ते मात्र कुणी विचारत नाही. ते आज सांगते.

लग्न झालं आणि मी केरळात त्रिशूरला गेले. सोन्याच्या कामाचं मोठं शहर. पुढं दुकान, मागं आमची खोली. भाषा मल्याळम. मी ‘पाणी’ म्हटलं की शेजारीण माझ्या कपाळाला हात लावून बघायची. त्यांच्यात ‘पनी’ म्हणजे ताप! गड्यांच्या दुकानात एकमेकांशी ओळखी असायच्या. आम्ही बायका आपापल्या खोलीत.

आपल्याकडं जसं कुस्तीचं वेड, तसं तिथं फुटबॉलचं. भारताचा मोठा खेळाडू आय. एम. विजयन त्रिशूरचाच. लहानपणी तो तिथल्या स्टेडियममध्ये सोड्याच्या बाटल्या विकायचा. माझा मुलगाही चेंडूमागं पळायला लागला. एका रविवारी मी पायरीवर बसून त्याचा सामना बघत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, “आरं, बघतोस काय, पळ की!”

माझ्या अंगावर काटाच आला. वळून विचारलं, “ताई, कुठलं गाव?”

“माण तालुका. म्हसवडजवळ.”

“अगं बया! मी विट्याकडची.”

सामना कोण जिंकलं, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. पुढं दोघींच्या पाच झालो. दर रविवारी पोरं मैदानात, आम्ही पायरीवर. कुणी भाकरी आणायची, कुणी गावाकडची चटणी.

एका पावसाळ्यात मालकांच्या हातावर ॲसिड सांडलं. सोनं शुद्ध करायला नायट्रिक ॲसिड लागतं, त्यानं कातडी जळते. दवाखान्यात डॉक्टर काय बोलतात ते मला कळेना. मी म्हसवडच्या ताईंना फोन केला. त्यांना मल्याळम येत होतं, त्या रात्रभर माझ्याजवळ बसल्या. एकीनं पोरं नेली, एकीच्या मालकांनी दुकान सांभाळलं. गावाकडचं माणूस पोचायला दीड दिवस लागला. तोवर ह्याच माझ्या आई-बहिणी.

आता मी गावी परत आलेय, बचत गटात आहे. आमच्या गटानं एक वही केलीय. गावची कुठली लेक, कुठली सून कोणत्या शहरात आहे, ते तिला विचारून नाव आणि फोन नंबर लिहून ठेवतो. नवी नवरी गलाईला निघाली की ओटीबरोबर त्या शहरातल्या बाईचा नंबरही देतो.

तुमच्या गटातही अशी वही करा. मला ताई योगायोगानं भेटल्या. आपल्या लेकींना योगायोगाची वाट का बघायला लावायची?