रायपूरचा भुईकोट आणि त्याचे पाणी

किल्ला म्हटले की महाराष्ट्रातील वाचकांच्या मनात डोंगराचा कडा, त्यावरची माची आणि खाली पसरलेले खोरे उभे राहते. मैदानी मुलखात तट आणि खंदक यांच्या भरवशावर बांधलेला भुईकोट त्या मानाने मागे पडतो आणि त्याचा तटही नाहीसा झाला असेल तर तो किल्ला होता ही गोष्टच गावाच्या विस्मरणात जाते. छत्तीसगडची राजधानी असलेल्या रायपूरच्या बाबतीत हेच घडले. एके काळी सुमारे एक मैल घेराचा तट बाळगणाऱ्या या शहरात आज सलग तट दिसत नाही, बुरूज दिसत नाही, वेशीचा दरवाजाही दिसत नाही. मात्र त्या तटाच्या जोडीने खणलेले पाणी नकाशावर शिल्लक आहे, आणि रायपूरचा किल्ला समजून घ्यायचा असेल तर वाचन त्या पाण्यापासून सुरू करणे अधिक फलदायी ठरते.

किल्ल्याच्या आधीचे रायपूर शिलालेखांतून भेटते. मध्ययुगात या प्रदेशावर हैहयवंशी कलचुरी राजांचे राज्य होते. त्यांची मुख्य गादी बिलासपूरजवळच्या रतनपूरला होती आणि चौदाव्या शतकात तिची एक शाखा दक्षिणेकडे सरकून खल्लारी व रायपूर येथे नांदू लागली. या शाखेतील ब्रह्मदेव राजाच्या कारकिर्दीतील, विक्रम संवत १४५८ चा, म्हणजे पंधरावे शतक उजाडतानाचा एक लेख रायपूरचा असून हाजिराज नायक नावाच्या गृहस्थाने हाटकेश्वराचे मंदिर बांधल्याची नोंद त्यात आहे. शहराच्या पश्चिमेला खारून नदीच्या काठी महादेव घाटावर हाटकेश्वराचे देवस्थान आजही आहे. विक्रम संवत १४७० च्या, म्हणजे १४१५ मधील खल्लारीच्या लेखाचे महत्त्व वेगळेच आहे, कारण तेथे नारायणाचे मंदिर बांधणारा देवपाल हा व्यवसायाने मोची होता आणि ही गोष्ट लेखात कोणताही संकोच न करता कोरलेली आहे. याच शाखेच्या लेखांत ब्रह्मदेवाचा पूर्वज सिंघण याने शत्रूंचे अठरा गड जिंकल्याचा उल्लेख येतो. कलचुरींचे हे सारे लेख एकत्र संपादित करून १९५५ मध्ये प्रसिद्ध करण्याचे काम नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी केले, आणि छत्तीसगडच्या मध्ययुगाविषयी जे काही ठामपणे सांगता येते त्यातील पुष्कळसे त्यांच्या या ग्रंथाच्या आधारावर उभे आहे.

हा अठराचा आकडा पुढे पुन्हा भेटतो. शिवनाथ नदीच्या उत्तरेचे अठरा गड रतनपूरचे आणि दक्षिणेचे अठरा गड रायपूरचे, अशी छत्तीस गडांची विभागणी परंपरेने सांगितली जाते. रायपूरच्या वाट्याच्या यादीत पाटण, सिमगा, लवण, दुर्ग, राजिम, सिरपूर, फिंगेश्वर, खल्लारी ही नावे येतात. येथे गड म्हणजे मुख्यतः महसुलाचा एक विभाग समजावा. सर्वसाधारण हिशेबाने चौऱ्याऐंशी गावांचा एक गड, त्याच्या पोटात बारा-बारा गावांचे गट, आणि प्रत्येक गावाचा गौंटिया, म्हणजे सारा गोळा करणारा गावप्रमुख, अशी ही उतरंड होती. बिलासपूरची जमाबंदी करणाऱ्या चिशम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८६८ च्या अहवालात रतनपूरच्या कल्याणसाय राजाच्या काळातील जुन्या हिशेबवहीचा आधार घेऊन ही व्यवस्था वर्णिली असून त्या वहीप्रमाणे राज्याची फौज १४,२०० माणसांची आणि ११६ हत्तींची होती. एवढी फौज एका ठाण्यात न ठेवता ठिकठिकाणी विखुरलेली असे, असे मानणे या उतरंडीशी जुळते.

गडाचे ठाणे मात्र बहुधा खऱ्या अर्थाने तटबंदीचे असे, आणि ती तटबंदी प्रामुख्याने मातीची असे. छत्तीसगडच्या मैदानात भाताची शेती, काळी चिकण माती आणि पावसाळ्यात भरपूर पाणी या तीन गोष्टी एकत्र येतात. वर्तुळाकार खंदक खणायचा, निघालेली माती आतल्या बाजूला रचून तिचाच तट उभा करायचा आणि खंदकात पावसाचे पाणी अडवायचे, ही रीत कलचुरींच्याही फार पूर्वीपासून या मुलखात चालत आलेली होती. बिलासपूर जिल्ह्यातील मल्हार आणि बलौदाबाजारजवळचे डमरू येथील मातीचे कोट उत्खननांमुळे अभ्यासकांच्या परिचयाचे झाले आहेत. अशा कोटात तट आणि खंदक या दोन वेगळ्या वस्तू नसतातच, एकाच खोदकामाच्या त्या दोन बाजू असतात. शांततेच्या काळात खंदकाचे पाणी गुरांना, धुण्याला आणि शेताला उपयोगी पडत असल्यामुळे तो बुजू न देण्यात गावाचाही स्वार्थ गुंतलेला असे. सह्याद्रीतील गडाचा तट ढासळला की तो पुन्हा बांधण्याचे कारण फक्त राजापाशी असते. येथे खंदकाचा गाळ काढण्याचे कारण प्रत्येक घरापाशी असे.

या पार्श्वभूमीवर रायपूरच्या किल्ल्याकडे पाहिले पाहिजे. भुवनेश्वरसिंह राजाने १४६० मध्ये तो बांधला असे एकोणिसाव्या शतकातील गॅझेटिअरे सांगतात. गॅझेटिअर म्हणजे इंग्रजी अमदानीत तयार झालेला जिल्ह्याच्या माहितीचा कोश. त्यांतील जुन्या तारखा बहुतेक स्थानिक परंपरेतून उचललेल्या असल्यामुळे १४६० हे साल शिलालेखाइतके भक्कम मानता येत नाही, परंतु ब्रह्मदेवानंतर दोन-तीन पिढ्यांनी राजधानीला कोट मिळाला हा क्रम पटण्याजोगा आहे. विल्यम हंटर यांच्या गॅझेटिअरात या किल्ल्याच्या बाहेरच्या तटाचा घेर जवळजवळ एक मैल दिला असून आपल्या काळात तो फार बळकट होता असे म्हटले आहे. बांधकामात दगड पुष्कळ वापरला गेला असला तरी आसपास दगडाची खाण मात्र कोठे आढळत नाही, असे आश्चर्यही तेथे नोंदवलेले आहे. हे आश्चर्य आजच्या वाचकाला थोडे गमतीचे वाटेल, कारण रायपूर ज्या जमिनीवर वसले आहे तिच्या पोटात चुनखडीचा दगड आहे आणि आजूबाजूचे सिमेंटचे कारखाने त्याच दगडावर चालतात. खाण दिसत नाही याचा अर्थ दगड दुरून आणला असाच होत नाही; तळ्याचे खोदकाम खोल गेल्यावर लागलेला दगड तटाच्या पायात गेला असावा आणि खाणीचा खड्डा तळ्याच्या पाण्याखाली झाकला गेला असावा, हा तर्क निदान तपासून पाहण्यासारखा आहे.

किल्ल्याच्या बरोबरीने झालेले हे तळे म्हणजे बुढा तालाब. हंटर यांच्या गॅझेटिअरप्रमाणे ते किल्ल्याच्याच वयाचे असून मुळात त्याचा विस्तार जवळजवळ एक चौरस मैल होता. हा आकडा शब्दशः धरला तर मैलभर घेराच्या कोटाला त्याच्या क्षेत्रफळाच्या कितीतरी पट मोठे तळे लागून होते असा अर्थ होतो, आणि मग त्या बाजूने शत्रूचा घोडा किंवा तोफेचा गाडा तटापर्यंत आणणे जवळजवळ अशक्यच ठरते. तटावरचा पहारा चालतो ती फांजी, आडोशाला राहून गोळी किंवा बाण सोडण्यासाठी भिंतीत ठेवलेल्या जंग्या, दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांना बसण्यासाठी असलेल्या देवड्या, हे भुईकोटाचे नेहमीचे अवयव. पण रायपूरच्या रचनेत त्यांच्याइतकाच भार पाण्याने उचललेला असला पाहिजे. तळ्याच्या दक्षिणेकडील महाराजबंध हा तलाव मात्र मूळ योजनेचा भाग नव्हता. मराठ्यांच्या अमदानीत महसुलाचा मक्ता घेणाऱ्या एका अधिकाऱ्याने तो बांधविला, आणि दलदलीच्या जागेला बांध घालून तो झाल्यासारखा दिसतो. ती दलदल आधीपासून तेथे असेल तर कोटाच्या या अंगालाही वाटचाल सोपी नव्हती.

मराठ्यांच्या स्वारीच्या वेळी या तटांची परीक्षा झाली का, तर रतनपूरला झाली आणि रायपूरला ती वेळच आली नाही. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या वाटेवर असताना १७४१ च्या सुमारास रतनपूरवर चालून गेले, तेव्हा पुत्रशोकाने खचलेला वृद्ध राजा रघुनाथसिंह प्रतिकाराला उभाच राहिला नाही. तोफांनी वाड्याचा काही भाग पाडल्यानंतर राण्यांपैकी एकीने तटावर चढून तहाचे निशाण लावले आणि दरवाजे उघडले गेले, असा वृत्तांत चिशमच्या अहवालात आहे. रायपूरचा अमरसिंह याला १७५० च्या सुमारास गाजावाजा न करता सत्तेवरून दूर करण्यात आले. वर्षाला सात हजार रुपयांच्या टाकोळीवर, म्हणजे मांडलिकाने भरायच्या खंडणीवर, राजिम, पाटण आणि रायपूर एवढा मुलूख त्याच्याकडे राहिला. १७५३ मध्ये तो वारला, मुलूख खालसा झाला आणि त्याचा मुलगा शिवराजसिंह याच्या वाट्याला रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसल्यांच्या वेळी बडगाव हे गाव आणि रायपूर परगण्यातील दर गावामागे एक रुपया एवढेच आले. मराठी इतिहासलेखनात बंगालच्या स्वाऱ्यांना जेवढी जागा मिळते तेवढी या शांत हस्तांतराला मिळत नाही, हे योग्य नव्हे. प्रत्यक्ष राज्य येथेच जास्त काळ चालले.

बिंबाजींनी १७८७ मधील आपल्या मृत्यूपर्यंत रतनपूरला राहून कारभार केला. रतनपूरच्या रामटेकडीवरील राममंदिर त्यांचे आणि रायपुरातील १७७५ चे रामचंद्राचे मंदिरही त्यांच्याच नावावर नोंदलेले आहे. त्यांच्यानंतर नागपूरहून सुभेदार येऊ लागले. १८१८ मध्ये अप्पासाहेब भोसले पदच्युत झाल्यावर बाल रघूजी तिसरे यांच्या नावाने इंग्रजांनी कारभार हाती घेतला, तेव्हा छत्तीसगडचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलले. अ‍ॅग्न्यू या अधिकाऱ्याने आपला छत्तीसगडविषयीचा अहवाल १८२० मध्ये सादर केला तो येथूनच. नव्या ठाण्याला कोटाची गरज नव्हती. कचेरी, छावणी, तुरुंग आणि बाजार यांच्या रांगा तटाबाहेर पसरत गेल्या, १८३० ते १८५४ या काळात पुन्हा आलेल्या भोसल्यांच्या सुभेदारांनीही हीच मांडणी पुढे चालवली, आणि १८५७ मध्ये सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना रायपुरात पकडून ठेवले गेले व १० डिसेंबरला फाशी दिले गेले, त्या घटनांच्या वृत्तांतात तुरुंग येतो, छावणी येते, कोट येत नाही. तट निरुपयोगी ठरला की वाढत्या गावासाठी तो आयत्या दगडाचा ढीगच असतो.

नेमक्या याच काळात युरोपातील कित्येक शहरेही आपल्या तटांचे काय करायचे या प्रश्नाशी झुंजत होती. पोलंडमधील क्राकूवने तट पाडून त्याच्या जागी १८२० च्या दशकात जुन्या शहराभोवती बागेचा पट्टा केला, इटलीतील लुक्काने तट तसाच ठेवून त्याच्या माथ्यावर झाडे लावून फिरण्याची वाट केली, तर मुंबईने १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत फोर्टचा तट पाडून रस्ते आणि इमारतींना जागा मोकळी केली. रायपूरच्या आडगावी ठाण्यात असा विचारपूर्वक आराखडा कोणी मांडल्याचे दिसत नाही. तरीही सार्वजनिक बाग झाली ती बुढा तालाबाच्या पूर्वेच्या काठावर, आणि तीही त्याच सुधारणांच्या काळात ज्यांनी तळ्याचा विस्तार कमी केला. आज विवेकानंद सरोवर हे नाव मिळालेल्या या तळ्याच्या मध्यावर स्वामी विवेकानंदांचा उंच पुतळा आहे. १८७७ मध्ये लहानपणी ते रायपूरला आले आणि सुमारे दोन वर्षे तेथे राहिले, म्हणून तो येथे आहे. काठावर फिरायला येणारे लोक एका बुजत गेलेल्या संरक्षणरेषेवरून चालतात.

तट टिकला असता तर काय दिसले असते याची कल्पना यायला फार दूर जावे लागत नाही. विदर्भातील चंद्रपूरचा गोंड राजांचा परकोट आजही शहराला वेढून असून जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अचलेश्वर ही चार दारे व पाच खिडक्या, म्हणजे माणसांच्या ये-जा करण्यासाठी ठेवलेले छोटे दरवाजे, त्यात शाबूत आहेत. अलीकडच्या वर्षांत तेथील स्वयंसेवकांनी बुरुजांवरची झुडपे आणि कचरा काढून तटावरची वाट पुन्हा चालती केली. तेथे इरई आणि झरपट या नद्या शेजारी असूनही संरक्षणाचा भार मुख्यतः दगडाने उचलला, त्यामुळे दगड उरला.

रायपूरला उरलेल्या पाण्यात मराठी काळाचा वाटा मोठा आहे. महाराजबंधाखेरीज खोखो तलावही त्याच काळातला असून तीन बाजूंना दगडी बांध असलेल्या या तळ्यात गणेशोत्सवाच्या अखेरीस गणपतींचे विसर्जन होते अशी नोंद हंटर यांच्या गॅझेटिअरात आहे. ती आवृत्ती १८८० च्या दशकातील आहे आणि पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने उत्सवाला सार्वजनिक रूप आले ते १८९३ च्या सुमारास. तेव्हा शहराचे माहितगार ज्याची दखल घेतात एवढे मोठे हे विसर्जन भोसल्यांच्या कारकुनांच्या, शिलेदारांच्या आणि त्यांच्यामागून तात्यापारा भागात स्थिरावलेल्या मराठी घरांच्या गणपतींचे असले पाहिजे.